नारळाचं काय करायचं, ते दारातच सांगा

प्रति,
संचालक, सोलापूर विमानतळ, होटगी रोड;
इथून उडणाऱ्या विमान कंपन्यांचे स्थानिक व्यवस्थापक;
आणि तपासणीच्या यंत्रापाशी उभे राहणारे सर्व कर्मचारी

स. न. वि. वि.

मी सोलापुरात तिकिटांचा व्यवसाय करतो. रेल्वे, खासगी बस, विमान, सगळंच. पूर्वी माझ्याकडून विमानाचं तिकीट काढणारा सोलापूरकर म्हणजे गाडी करून पुण्याला नाहीतर हैदराबादला जाऊन विमान पकडणारा माणूस. विमानतळ कसा असतो हे त्याला ठाऊक असायचं. त्याचा मुलगा बंगळूरला नोकरीला असायचा, किंवा तो स्वतः युनिफॉर्मचे नमुने घेऊन देशभर फिरणारा असायचा. आता काउंटरवर येणारी माणसं बदलली आहेत. होटगी रोडवरून, म्हणजे घरापासून रिक्षाने जाता येईल अशा ठिकाणाहून विमान सुटतं म्हटल्यावर विडी घरकुलातल्या, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतल्या बाईंनाही वाटतं की एकदा मुलीकडे विमानाने जावं. बोरामणीचा, होटगीचा शेतकरी विचारतो, "मुंबईचं तिकीट कितीला बसतंय ओ?" त्याच्या डोक्यात अडीच हजार हा आकडा पक्का बसलेला असतो. लहान शहरं विमानाने जोडणारी उडान योजना सुरू झाली तेव्हा तासाभराच्या प्रवासाला २,५०० रुपये कमाल भाडं, असं पेपरात आलं होतं. ते विमानातल्या निम्म्याच जागांना लागू होतं हे त्याच बातमीत खाली बारीक अक्षरात असावं. त्यावरून माझे रोज दोन वाद होतात. ते माझे मी बघतो. हे पत्र वेगळ्या गोष्टीसाठी आहे.

या विमानतळाची कहाणी मी तुम्हाला सांगावी असं नाही, पण तिचा एक परिणाम दाखवायचा आहे. किंगफिशरची विमानं काही काळ येऊन गेली आणि धावपट्टी पुन्हा सुनी पडली. पुढची कित्येक वर्षं सोलापुरात विमानाचा विषय निघाला की बोलणं चिमणीवर जायचं. विमानांच्या वाटेत अडथळा ठरवलेली सिद्धेश्वर साखर कारखान्याची ती चिमणी १५ जून २०२३ ला पाडली. (तिच्याबद्दल गावात तेव्हाही दोन मतं होती, आजही आहेत; ऊस घालणाऱ्या सभासदाला विचारून बघा.) २९ सप्टेंबर २०२४ ला पंतप्रधानांनी दूरदृश्य प्रणालीने उद्घाटन केलं. ९ जून २०२५ ला फ्लाय९१ चं गोव्याचं विमान सुरू झालं, आणि १५ ऑक्टोबर २०२५ ला स्टार एअरचं मुंबईचं. या सगळ्या काळात पानटपरीवरचा माणूसदेखील अडथळा, परवाना, व्हायबिलिटी गॅप फंडिंग (कंपनीचा तोटा भरून काढणारी सरकारी मदत) यांवर तावातावाने बोलायला शिकला. विमानात बसायला जाताना पिशवीत काय भरायचं, हे मात्र कुणी कुणाला सांगितलं नाही. आम्ही विमानतळ मागायला शिकलो, वापरायला शिकायचं राहून गेलं.

माझ्या काउंटरवर सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न नारळाचा आहे.

कारण उघड आहे. सोलापूरच्या एका बाजूला तुळजापूर, दुसऱ्या बाजूला अक्कलकोट, तिसरीकडे पंढरपूर, आणि हद्द ओलांडली की गाणगापूर. इथे उतरणाऱ्या पाहुण्यांपैकी कितीतरी जण देवाला आलेले असतात. इथून निघणारी आमची माणसंसुद्धा मुलीकडे जाताना देवीचा प्रसाद घेतल्याशिवाय घराबाहेर पडत नाहीत. त्या ओटीच्या पिशवीत काय काय असतं ते एकदा डोळ्यांसमोर आणा. खण, नारळ, खोबऱ्याची वाटी, हळकुंड, सुपारी, खारीक, कुंकवाची पुडी, कापराची डबी, उदबत्ती आणि काडेपेटी. घरातून निघताना ही पिशवी सगळ्यांत पवित्र असते. तुमच्या यंत्रातून जाताना तिच्याइतकी अडचणीची पिशवी दुसरी नसेल. काडेपेटी हातातल्या सामानात चालत नाही आणि विमानाच्या पोटात, खाली जाणाऱ्या मोठ्या बॅगेतही चालत नाही. कापूर पेट घेणारा, त्याची तीच गत. आणि खोबऱ्याची वाटी, जिच्यावर कुणाचा संशयही जाणार नाही, ती २०२२ पासून मनाई असलेल्या वस्तूंच्या यादीत आहे.

खोबऱ्यावर बंदी का, हे मला कुणी विचारलं की मी सांगतो. सुक्या खोबऱ्यात तेल भरपूर. बंद, उबदार जागेत ते साठून राहिलं तर आतल्या आत तापत जातं आणि कधी कधी बाहेरून ठिणगी न लागताही पेटू शकतं. धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीत खोबरं अशाच, आपोआप पेट घेणाऱ्या पदार्थांमध्ये नोंदलेलं आहे. विमानाच्या पोटात, जिथे कुणी बघायला नसतं, तिथे ते नको. एवढं सांगितल्यावर माझ्यासमोरचा माणूस वाटी काढून ठेवायला तयार होतो. "असंय होय," म्हणतो आणि संपतो विषय. कारण न सांगता कुणी पिशवीत हात घालून प्रसाद बाजूला काढला की मग चिडतो, आणि देवीचा प्रसाद असल्यामुळे जरा जास्तच चिडतो.

अख्ख्या नारळाचं तर आणखी अवघड. हातातल्या पिशवीत तो सहसा अडवतात. खाली टाकायच्या बॅगेत ओला, पाण्याचा नारळ चालतो का, याचं उत्तर कंपनीगणिक आणि कधी कधी माणसागणिक बदलतं. मी फोन करून विचारलं की एक जण हो म्हणतो, दुसरा म्हणतो "पॅसेंजरच्या रिस्कवर". ही रिस्क म्हणजे नेमकी काय, ते त्यालाही सांगता येत नाही.

म्हणून पहिली विनंती. इथून उडणाऱ्या सगळ्या कंपन्यांनी आणि सुरक्षा विभागाने एकत्र बसून नारळ, खोबरं, कापूर, कुंकू, बुक्का, अंगारा या वस्तूंचं एकच उत्तर ठरवावं आणि ते लिहून लावावं. कुठे लावायचं हे जास्त महत्त्वाचं. दाराबाहेर. ओळखपत्र आणि तिकीट तपासतात त्याच्याही आधी, जिथे रिक्षा थांबते तिथे. आपल्याकडे प्रवाशाला पोचवायला निम्मं घर येतं. जावई असतो, शेजारी असतो. बोर्ड बाहेर असेल तर नारळ जावयाच्या हातात देता येतो, अडकित्ता परत घरी जातो, पॉवर बँक मोठ्या बॅगेतून काढून हातातल्या पिशवीत घालता येते. तोच बोर्ड तपासणी यंत्राच्या शेजारी लावला तर त्याचा काही उपयोग नाही. तोवर जावई गाडी काढून आसरा चौकापर्यंत गेलेला असतो आणि आजी एकट्या असतात.

अडकित्त्याचं मी उगीच लिहिलं नाही. दुसऱ्या एका शहराच्या विमानतळावर माझ्या ओळखीच्या एका आजींना पानाचा डबा उघडून दाखवावा लागला आणि अडकित्ता तिथल्या पेटीत टाकावा लागला. पितळी होता, सासूबाईंचा. तपासणाऱ्याचं काही चुकलं नव्हतं. धारदार वस्तू हातातल्या सामानात जात नाही, आणि मोठी बॅग तोवर पट्ट्यावरून पुढे गेली होती. भिंतीवर सूचनांचा फलकही होता म्हणे. त्यावर पिस्तूल, हातबॉम्ब, तलवार आणि विषाच्या बाटलीची चित्रं होती. आता सोलापूरच्या माणसाकडे हातबॉम्ब कुठून असायचा? त्याच्याकडे अडकित्ता असतो, चुन्याची डबी असते, शेतकऱ्याकडे विळा असतो, आमच्या गारमेंटवाल्यांच्या बॅगेत कापडाची मोठी कात्री असते. इथल्या बोर्डावर इथल्या वस्तूंची चित्रं हवीत. हातात काय, खालच्या बॅगेत काय, आणि कुठेच नाही काय, असे तीन रकाने पुरेत. शेंगा चटणी मोठ्या बॅगेत, कारण मिरचीपूड, मसाले हातात अडवतात. तूप, लोणचं मोठ्या बॅगेत, नीट बांधून. कडक भाकरी कुठेही. तिला कुणी हरकत घेतलेली मी ऐकली नाही. पॉवर बँक हातातच. असा बोर्ड आधीच लावला असेल तर फारच चांगलं, तो आणखी मोठा करा आणि बाहेर आणा.

दुसरी विनंती थोडी वरच्या पातळीवरची आहे, पण सुरुवात तुमच्याच टेबलावरून व्हायला हवी. नोव्हेंबर २०२२ मध्ये नागरी विमान सुरक्षा ब्युरोने शबरीमलाला जाणाऱ्या यात्रेकरूंना त्यांच्या इरुमुडीतला (पूजेच्या गाठोड्यातला) नारळ केबिनमध्ये नेण्याची सवलत दिली. सगळी तपासणी करून, यात्रेच्या मुदतीपुरती, २० जानेवारीपर्यंत. नंतरच्या हंगामांतही तशी सवलत मिळाली. याचा अर्थ नियम पाळूनही वाट काढता येते, कुणीतरी लिहून मागितलं तर. तुळजापूरच्या नवरात्रासाठी, आषाढी-कार्तिकीसाठी ठरावीक दिवसांपुरती अशीच सवलत मागायला काय हरकत आहे? फरक एवढाच की त्यांचा नारळ देवाकडे जातो आणि आमचा देवीकडून परत येतो. तपासणी यंत्राला दोन्ही सारखेच. प्रस्ताव मुंबईहून किंवा दिल्लीहून कुणी करणार नाही. तो सोलापूरहूनच जायला हवा, आणि त्यावर लोकप्रतिनिधींच्या सह्या हव्या असतील तर त्या गोळा करायला माझ्यासारखे दहा जण आहेत.

आता नावांविषयी. तिकिटावर नाव आणि आडनाव असे दोन रकाने असतात. आमच्या माणसाच्या आधारवर तीन नावं असतात, मध्ये वडिलांचं किंवा नवऱ्याचं. बाईंचं बँकेच्या पासबुकावर माहेरचं, आधारवर सासरचं, मतदार कार्डावर आणखी तिसरंच काहीतरी. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली कुटुंबांत घराण्याचं नाव आधी लिहायची पद्धत, त्यामुळे तिकिटावर नावाचं आडनाव आणि आडनावाचं नाव होऊन बसतं. दारावर उभा असलेला जवान नियमाने वागतो, त्याला नाव जुळायला हवं. मला एवढंच म्हणायचं आहे की ज्याला हे नावांचं प्रकरण कळतं असा, मराठीबरोबर कन्नड-तेलुगू जाणणारा एक माणूस विमानाच्या वेळेला दाराजवळ असावा. विमान कंपनीला चूक तिकीट काढल्यापासून चोवीस तासांच्या आत कळवली तर त्याच व्यक्तीच्या नावातली दुरुस्ती पैसे न घेता करून द्यावी लागते, हे प्रवाशांना सांगा. (ही सवलत कंपनीच्या संकेतस्थळावरून थेट काढलेल्या तिकिटाला आहे. माझ्यासारख्या एजंटांना ती गैरसोयीची, तरी लिहितोय.) ओळखपत्र म्हणून आधारशिवाय मतदार कार्ड, वाहन परवाना, पासपोर्ट चालतो, हेही बाहेरच्या बोर्डावर एका ओळीत मावेल. दोन वर्षांखालचं मूल मांडीवर बसत असलं तरी त्याच्या वयाचा दाखला लागतो, हे तर बहुतेकांना विमानतळावरच कळतं.

भाषेचा मुद्दा निघालाच आहे तर सांगतो. मोठ्या विमानतळांवर टेपवर वाजणारा आवाज असतो, तो कुणाला नीट कळत नाही. सोलापूरचा विमानतळ लहान आहे, ही तुमची सगळ्यांत मोठी सोय आहे. तिथे खुर्च्यांसमोर उभं राहून एका माणसाने मोठ्याने मराठीत, मग कन्नडमध्ये, मग तेलुगूत सांगितलं तरी शेवटच्या रांगेपर्यंत पोचतं. एसटी स्टँडवरचा कंट्रोलर वर्षानुवर्षं हेच करत आला, आणि त्याची गाडी चुकलेला माणूस विरळा.

सगळ्यांत जास्त गरज असते ती उशीर झाल्यावर बोलण्याची. लहान विमानतळाचं गणित प्रवाशांना माहीत नसतं. इथे विमान रात्रभर उभं राहून सकाळी निघतंय असं बहुधा नसतं. तेच विमान मुंबईहून येतं, माणसं उतरवतं, अर्ध्या तासात नवी माणसं घेऊन परत जातं. त्यामुळे तिकडे उशीर झाला की इकडे झालाच. मुंबईला धावपट्टीची गर्दी असते, पावसाळ्यात तर विचारायलाच नको. आतमध्ये बसलेला प्रवासी मात्र सोलापूरचं स्वच्छ आकाश बघत असतो आणि त्याला कळत नाही की अडलं कुठे. मग तर्क सुरू होतात, कुणीतरी व्हिडिओ काढायला लागतो. त्या वेळी "विमान तांत्रिक कारणाने विलंबित आहे" या वाक्याचा काही उपयोग होत नाही. "विमान अजून मुंबईहून निघालेलं नाही" किंवा "विमान निघालं, इथे तासाभरात उतरेल" असं सांगा. एवढं एकच वाक्य खरं आणि वेळेवर मिळालं तर माणूस निवांत बसतो.

यात माझ्या धंद्याची एक बाजू आहे, ती लपवत नाही. सोलापूरकराला मुंबईला जायला दुसरे मार्ग आहेत. रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस आमच्या रक्तातच आहे, आणि फेब्रुवारी २०२३ पासून वंदे भारतही आहे. विमान रद्द होणार आहे हे तुम्ही संध्याकाळी सांगितलंत तर माणूस रात्रीची गाडी धरू शकतो, मी त्याला तिकीट शोधून देऊ शकतो, सकाळचं कोर्टाचं काम किंवा डॉक्टरची वेळ वाचते. तेच रात्री उशिरा सांगितलंत तर गाडी गेलेली असते. तुम्हाला तो एक मेसेज असतो. नियमही प्रवाशाच्या बाजूने आहेत. अशा लहान पल्ल्याच्या विमानाला दोन तास किंवा त्याहून जास्त उशीर होणार असेल तर वेळेत हजर झालेल्या प्रवाशाला खाणंपिणं द्यायचं असतं. सहा तासांहून जास्त उशीर असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत, यातलं निवडायचा हक्क त्याला असतो. हे नियम चौकटीत, मोठ्या अक्षरात लावायला पैसे लागत नाहीत. लावले तर लोक भांडतील अशी भीती काही जणांना वाटते. माझा अनुभव उलटा आहे. आपल्याला काय मिळणार हे ज्याला माहीत असतं तो शांतपणे मागतो.

व्हीलचेअरबद्दल थोडक्यात. इथे विमानापर्यंत चालत जायचं आणि शिडी चढायची. एप्रिल-मे महिन्यात सोलापूरच्या उन्हात तापलेल्या त्या काँक्रीटवरून गुडघेदुखीच्या माणसाला चालणं म्हणजे काय, ते तुम्ही रोज बघता. तिकीट काढतानाच मी विचारतो, व्हीलचेअर सांगू का? "मी काय अपंग आहे का?" असं उत्तर येतं. लाज वाटते माणसांना. म्हणून तिथे कुणी मागायची वाट बघू नका, आपणहून विचारा. शिडीपाशी कुणाला हात द्यायचा हे आमच्याकडची पोरं शिकवल्याशिवायही करतात. फक्त त्यांना "ते आपलं काम नाही" असं कुणी सांगू नये.

आता उतरणाऱ्यांकडे वळतो, कारण हा विमानतळ टिकायचा असेल तर इथून जाणाऱ्यांइतकीच इथे येणाऱ्यांची गरज आहे. सोलापूर–मुंबई फेरीला राज्य सरकारने व्हायबिलिटी गॅप फंडिंग दिलं आहे. असा निधी ठरावीक मुदतीचा असतो. ती संपेपर्यंत माणसांना सवय लागायला हवी, आणि सवय लागायची तर विमानातून उतरल्यानंतरचा रस्ता सोपा हवा.

बंगळूरच्या विमानतळावर उतरलेला माणूस वायुवज्र बसमध्ये बसतो. तो विमानतळ देवनहळ्ळीला, बंगळूर शहरापासून चांगला लांब, तरी त्याला चिंता नसते. बसवर नंबर असतो, कुठे जाणार ते लिहिलेलं असतं. आपला विमानतळ शहराला लागून आहे, तेव्हा शहरात जायला बस नसली तरी चालेल. पण तुळजापूर पंचेचाळीसएक किलोमीटर, अक्कलकोट चाळीसएक, पंढरपूर सत्तरच्या पुढे. मुंबईहून किंवा गोव्याहून आलेला स्वामीभक्त दाराबाहेर येतो तेव्हा त्याला पहिला प्रश्न हाच पडतो. एसटीच्या विभाग नियंत्रकांशी बोलून विमानाच्या वेळेला जोडलेली एक गाडी ठरवा. अक्कलकोटला जाणारी, आणि नवरात्रात तुळजापूरला. रोज शक्य नसेल तर ज्या दिवशी विमान आहे त्या दिवशी. आणि ती गाडी विमान उशिरा आलं तर थांबावी. विमान न बघता सुटणारी गाडी काही कामाची नाही. जोवर हे होत नाही तोवर निदान एक कागद लावा: स्टँडपर्यंत रिक्षाचे साधारण किती, तिथून अक्कलकोटची गाडी किती वेळाने, आणि तीन देवस्थानांपर्यंत गाडी केली तर अंदाजे काय पडेल. रिक्षावाल्यांना विश्वासात घेऊनच लावा. त्यांनाही रोज तेच तेच वाद नको असतात.

कोजागरीचं वेगळं सांगायला हवं. त्या रात्री लाखो माणसं सोलापूरहून तुळजापूरला चालत जातात आणि तो रस्ता वाहनांसाठी बंद करतात. धाराशिव, तुळजापूरकडून विमानाला येणाऱ्या प्रवाशाला त्या दिवशी वळसा घालून यावं लागतं. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत शहरातलेही रस्ते बदलतात. पोलिसांचं वाहतुकीचं पत्रक पेपरात येतं, पण मुंबईहून परतीचं तिकीट काढून आलेल्या माणसाला ते कुठून दिसणार? कंपनीकडे प्रत्येक प्रवाशाचा मोबाइल नंबर असतो. "उद्या दोन तास आधी निघा, तुळजापूर रस्ता बंद" एवढा मेसेज पुरेसा आहे.

खाण्यापिण्याचंही बोलू. कोलकात्याच्या विमानतळावर डिसेंबर २०२४ मध्ये उडान यात्री कॅफे सुरू झाला, चहा दहा रुपये, समोसा वीस रुपये. नंतर चेन्नईलाही झाला. सोलापूरला असा कॅफे यावा ही मागणी करायला संकोच कसला? आणि विमानतळ प्राधिकरणाची 'अवसर' नावाची योजना आहे, बचत गटांना विमानतळावर विक्रीसाठी जागा देणारी. सोलापूर जिल्ह्यातल्या बचत गटांच्या बायका शेंगा चटणी आणि कडक भाकरी करतात, चादर आणि टॉवेल तर आहेच. त्यांना जागा द्याल तेव्हा एक बघा. ती सुरक्षा तपासणीच्या आतल्या कक्षात द्या. बाहेर विकत घेतलेली चटणी हातात नेता येत नाही, आणि मोठी बॅग तर आधीच गेलेली असते. तपासणीनंतर घेतलेली वस्तू मात्र सरळ विमानात नेता येते. बाहेर स्टॉल लावून उद्घाटनाचे फोटो निघतील, चटणी खपणार नाही. हुरड्याच्या दिवसांत तिथे ताजा हुरडा मिळाला तर मुंबईचा माणूस मुद्दाम परत येईल, असं मला वाटतं. पण हा माझा हावरटपणा समजा.

शेवटचं, पलीकडच्या टोकाचं. गोव्याचं विमान मोपाला उतरतं, उत्तर गोव्यात. आमच्याकडे गोवा म्हणजे मडगाव, फार तर पणजी. पूर्वी गेलेले लोक दाबोळीचा जुना विमानतळ धरून चालतात, तिथे नातेवाईकाला गाडी घेऊन उभं करतात, आणि स्वतः मोपाला उतरतात. मुंबईलाही तेच. टर्मिनल एक सांताक्रूझच्या बाजूला, टर्मिनल दोन सहारला. पुढचं विमान दुसऱ्या टर्मिनलवरून असेल तर मधला रस्ता आणि मुंबईची गर्दी धरून वेळ हाताशी हवा. परदेशात मुलाकडे निघालेल्या आईवडिलांना हे सोलापुरातच सांगितलं गेलं पाहिजे, बोर्डिंग पास देताना, तोंडाने. "पुढे कुठे जायचंय, काकू?" हा प्रश्न विचारायला दहा सेकंद लागतात.

बाहेरच्या बोर्डाचा मजकूर मी तयार केला आहे. मराठी माझी, कन्नड आमच्या गल्लीतल्या शिक्षकांनी लिहून दिली, तेलुगू पूर्व भागातल्या एका यंत्रमागवाल्यांनी तपासली. उर्दूचं काम चालू आहे. नारळापुढची जागा रिकामी ठेवली आहे; तुमचं एकच ठरलेलं उत्तर आलं की भरतो. छपाईचा खर्च आम्ही तिकीटवाले मिळून करू, खाली कुणाचं नाव किंवा जाहिरात नको. फक्त लावायची परवानगी आणि रिक्षा थांबते तिथली भिंत द्या.

कळावे,

आपला,
सोलापुरातला एक तिकीट एजंट

ता. क. : नवरात्राआधी झालं तर बरं. त्या दिवसांची तिकिटं लोक आत्तापासून विचारू लागले आहेत, आणि प्रत्येकाचा दुसरा प्रश्न तोच आहे.